लोकमान्य टिळक : न बोललेल्या शब्दांचा जामीन



२३ जुलैला लोकमान्य टिळकांची जयंती आणि १ ऑगस्टला पुण्यतिथी. नऊच दिवसांच्या अंतराने या दोन तारखा येतात आणि शाळाशाळांतून मुलांची भाषणं होतात. भाषणाचा साचा ठरलेला असतो. आधी शेंगांच्या टरफलांची गोष्ट, मग स्वराज्याबद्दलचं प्रसिद्ध वाक्य, मग मंडालेचा तुरुंग आणि शेवटी जयजयकार. यात चूक काही नाही, पण एक मोठी गोष्ट सुटते. टिळकांना शिक्षा झाली ती कशाबद्दल? त्यांनी ना शस्त्र उचललं, ना खजिना लुटला. लिहिलं आणि बोलले, एवढंच. त्यांच्या आयुष्यातले बहुतेक मोठे खटले शब्दांवरून झाले.

सध्या बातम्यांमध्ये 'गॅग ऑर्डर' हा शब्द वरचेवर ऐकू येतो. गॅग ऑर्डर म्हणजे तोंडबंदीचा हुकूम. अमुक विषयावर बोलू नका, लिहू नका, छापू नका असा आदेश कोर्ट देतं. मग प्रश्न येतो, की बोलण्याचा हक्क राज्यघटनेनेच दिलाय तर कोर्ट तो थांबवू शकतं का? हा प्रश्न कायद्याच्या पुस्तकातून समजावून घेणं अवघड जातं. टिळकांच्या चरित्रातून तो बराच सोपा होतो, कारण शब्दांना अडवण्याच्या जवळजवळ सगळ्या तऱ्हा त्यांच्या वाट्याला आल्या. म्हणून या लेखात त्यांचं चरित्र याच एका धाग्याने सांगते आहे.

शिक्षकाचा मुलगा, स्वतःही शिक्षक

बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक होते, संस्कृत आणि गणितात हुशार. आईचं नाव पार्वतीबाई. १८६६ साली वडिलांची पुण्याला बदली झाली आणि कुटुंब पुण्यात आलं. नोकरीतली बदली घराला कशी हलवते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पुण्यात आल्यावर थोड्याच दिवसांत आई गेली. १८७२ साली वडीलही गेले. तेव्हा टिळक सोळा वर्षांचे होते आणि आदल्याच वर्षी त्यांचं लग्न झालेलं होतं.

पुढे डेक्कन कॉलेजात शिक्षण झालं. पहिल्या वर्षी प्रकृती सुधारण्यासाठी त्यांनी व्यायामाकडे इतकं लक्ष दिलं की अभ्यासाचं वर्ष गेलं. पण शरीर कमावलं ते जन्मभर, तुरुंगातही उपयोगी पडलं. १८७७ साली गणित घेऊन ते बी. ए. झाले आणि १८७९ साली एल. एल. बी. वकिलीची पदवी हातात होती. मनात आणलं असतं तर चांगली कमाई करता आली असती. त्यांनी मात्र शाळा काढायचं ठरवलं.

जानेवारी १८८० मध्ये पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं. विष्णुशास्त्री चिपळूणकर पुढे होते, त्यांच्या सोबतीला टिळक, थोड्याच काळात आगरकरही आले. टिळक गणित आणि संस्कृत शिकवत. १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. म्हणजे लोकमान्य होण्याआधी ते टिळक गुरुजी होते. आपल्या पेशातल्या माणसाचं हे चरित्र आहे, ही गोष्ट आपण शिक्षकांनी तरी विसरू नये.

१८८१ च्या जानेवारीत 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत अशी दोन वृत्तपत्रं निघाली. वर्गात चाळीस-पन्नास मुलं ऐकतात, वर्तमानपत्र मात्र गावोगाव जातं. आणि गावोगाव जाणाऱ्या शब्दाकडे सरकारचंही लक्ष जातं.

१८८२ : पहिला तुरुंग, आणि त्यातली गोम

पहिली शिक्षा इंग्रज सरकारवर टीका केली म्हणून झालेली नाही. ती झाली बदनामीच्या खटल्यात.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना नीट वागवलं जात नाही, अशी चर्चा तेव्हा सगळीकडे होती. 'केसरी' आणि 'मराठा'ने संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर आरोप करणारा मजकूर छापला. आधाराला काही पत्रं होती. बर्व्यांनी फिर्याद केली, आणि कोर्टात ती पत्रं बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली, तरी १८८२ च्या जुलैत टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची कैद झाली. प्रत्यक्षात ते १०१ दिवस मुंबईच्या डोंगरी तुरुंगात राहिले. आगरकरांनी पुढे त्या दिवसांवर एक पुस्तकच लिहिलं.

हा प्रसंग मुलांना जरूर सांगावा. टिळकांचा हेतू चांगला होता. एका असहाय तरुण राजाची बाजू ते घेत होते. पण हाती आलेला कागद खरा नव्हता आणि त्यामुळे एका माणसाच्या नावाला डाग लागला. आज मोबाईलवर आलेला मेसेज न तपासता पुढे ढकलणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठी हा धडा आहे. बोलण्याचा हक्क आहे तशी दुसऱ्याच्या अब्रूचीही किंमत आहे. कायदा या दोन्हींच्या मध्ये उभा राहतो.

१८९७ : बोलल्याबद्दल शिक्षा

१८९७ साली पुण्यात प्लेगची साथ होती. घरोघरी तपासणी करताना सोल्जरांनी लोकांशी जे वर्तन केलं त्यामुळे गावात संताप होता. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळी झाडली. त्याच्या आठवडाभर आधी, १५ जूनच्या 'केसरी'त शिवाजी उत्सवाचा वृत्तांत आणि एक कविता छापून आली होती. सरकारने दोन्हींचा संबंध जोडला आणि २७ जुलैला टिळकांना अटक झाली.

खटला मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांच्यापुढे चालला. राजद्रोहाचं कलम होतं १२४ अ. त्यात सरकारविषयी अप्रीती पसरवणं हा गुन्हा होता. आता अप्रीती म्हणजे काय? न्यायमूर्तींनी ज्यूरीला सांगितलेला अर्थ थोडक्यात असा होता की सरकारबद्दल प्रेम नसणं म्हणजेच अप्रीती. इतका रुंद अर्थ घेतला की त्यातून कोण सुटणार? ज्यूरीत सहा युरोपियन आणि तीन भारतीय होते. निकाल सहा विरुद्ध तीन असा लागला. १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली.

मॅक्स म्युलर यांच्यासारख्या मोठ्या विद्वानांनीही दयेचा अर्ज केला आणि ६ सप्टेंबर १८९८ ला टिळक मुदतीआधी सुटले. पण सुटकेला अटी होत्या. सुटकेनिमित्त होणाऱ्या सत्कार-समारंभात भाग घ्यायचा नाही, आणि पुन्हा राजद्रोहाचा गुन्हा शाबित झाला तर माफ केलेले सहा महिनेही भोगायचे. तुरुंगाचं दार उघडलं, पण पुढच्या शब्दावर टांगती तलवार ठेवूनच.

त्याच १८९८ साली राजद्रोहाचं कलम आणखी कडक झालं. आणि त्याच वर्षीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १०८ आलं. हे कलम लक्षात ठेवा, पुढे ते टिळकांना भेटणार आहे.

१९०८ : मंडाले

१९०८ साली मुझफ्फरपूरला बाँब फेकला गेला. त्यावर 'केसरी'त अग्रलेख आले. बाँबचं समर्थन नाही, पण अशी वेळ का आली, याचं उत्तर सरकारच्या दडपशाहीत आहे, असा त्यांचा सूर होता. १२ मे आणि ९ जूनच्या लेखांवरून खटला झाला. २४ जूनला अटक झाली आणि १३ ते २२ जुलै खटला चालला. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली. त्यांचं भाषण एकूण २१ तासांहून जास्त चाललं.

न्यायमूर्ती होते दिनशा दावर. १८९७ साली टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले हेच दावर. ज्यूरीने सात विरुद्ध दोन असा निर्णय दिला. २२ जुलैच्या रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड ठोठावण्यात आला. दुसऱ्या दिवशी टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला, शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस.

काळ्या पाण्याऐवजी त्यांना ब्रह्मदेशात मंडालेला साध्या कैदेत ठेवलं. तिथे त्यांनी 'गीतारहस्य' लिहिलं. ते तिकडे असतानाच १९१२ साली पत्नी सत्यभामाबाई वारल्या. जून १९१४ मध्ये ते पुण्याला परतले.

इथपर्यंतच्या तिन्ही खटल्यांत एक गोष्ट सारखी आहे. आधी शब्द छापले गेले, लोकांनी वाचले, मग शिक्षा झाली. शिक्षा न्याय्य होती की नाही यावर आपण बोलू शकतो, कारण नेमका कोणता शब्द, हे सगळ्यांसमोर होतं. १९१६ साली जे झालं त्याची तऱ्हा वेगळी होती.

१९१६ : अजून न बोललेल्या शब्दांचा जामीन

२८ एप्रिल १९१६ रोजी बेळगावच्या प्रांतिक परिषदेच्या वेळी टिळकांनी होमरूल लीग स्थापन केली. मग भाषणांचा सपाटा लावला. १ मेला बेळगाव, ३१ मे आणि १ जूनला आपल्या शेजारचं अहमदनगर, म्हणजे आजचं अहिल्यानगर. भाषणं मराठीत, अगदी घरगुती दाखले देऊन. राजा बदला असं ते म्हणत नव्हते. राजाच्या नावाने कारभार करणारी नोकरशाही बदला, कारभार आमच्या हाती द्या, एवढं त्यांचं म्हणणं होतं. सभेत पोलिसांचे लघुलेखक बसून शब्द न् शब्द टिपून घेत होते.

जुलैत टिळकांना साठ वर्षं पूर्ण झाली. पुण्यात गायकवाड वाड्यात मोठा सत्कार झाला आणि लोकांनी एक लाख रुपयांची थैली दिली. ती त्यांनी देशकार्याला देऊन टाकली. नेमक्या त्याच वाढदिवसाला पोलिसांनी त्यांच्या हातात नोटीस दिली. ती कलम १०८ खालची होती.

हे कलम काय म्हणतं ते आपल्या गावाकडच्या उदाहरणावरून पटकन कळेल. निवडणूक किंवा सणावाराच्या आधी पोलीस काही जणांना नोटीस देतात आणि शांतता राखण्याबद्दल मुचलका लिहून घेतात. लोक त्याला 'चॅप्टर केस' म्हणतात. गुन्हा घडलेला नसतो, घडू नये म्हणून आधीच हमी घेतलेली असते. कलम १०८ त्याच कुळातलं, फक्त ते भांडणाबद्दल नाही, बोलण्या-लिहिण्याबद्दल होतं. राजद्रोही मजकूर पसरवणाऱ्याकडून जिल्हा मॅजिस्ट्रेटने वर्षभरासाठी चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागायचा. यात ज्यूरी नाही. तुरुंगाची शिक्षाही नाही, पण जामीन दिला नाही तर मात्र तुरुंग.

टिळकांकडे मागणी होती ती वीस हजार रुपयांच्या जातमुचलक्याची आणि प्रत्येकी दहा हजारांच्या दोन जामीनदारांची. मुदत एक वर्ष.

आता जरा विचार करा. या वर्षभरात टिळक कुठेही बोलायला उभे राहिले तर त्यांच्या प्रत्येक वाक्याला चाळीस हजार रुपये टांगलेले. त्यातले वीस हजार स्वतःचे आणि वीस हजार दुसऱ्यांचे. स्वतःच्या पैशाची पर्वा नसलेला माणूससुद्धा जामीन राहिलेल्या मित्राचं घर बुडवायला धजणार नाही. मग तो काय करील? वाक्य मवाळ करील, विषय टाळील, सभाच रद्द करील. आणि त्याने काय टाळलं ते कधीच कुणाला कळणार नाही. तुरुंगात टाकलेला माणूस लोकांना दिसतो, त्याच्यासाठी गिरण्या बंद पडतात. न बोललेल्या वाक्यासाठी कोण संप करणार? आधीच तोंड बांधण्यातली खरी गोम ही आहे.

पुण्याचे जिल्हा मॅजिस्ट्रेट हॅच यांच्यापुढे ऑगस्टमध्ये सुनावणी झाली. टिळकांच्या बाजूने बॅरिस्टर महंमद अली जीना उभे राहिले, सोबत जोसेफ बॅप्टिस्टा, करंदीकर, एरुळकर ही मंडळी होती. बचावाचा मुद्दा सरळ होता. मराठी भाषणातले तुकडे वेचून, त्यांचं इंग्रजी भाषांतर करून त्यावरून माणसाला तोलू नका. पूर्ण भाषण वाचा. राज्यकारभारावर टीका करणं आणि राज्यच उलथवायला सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण १२ ऑगस्ट १९१६ रोजी मॅजिस्ट्रेटने टिळकांच्या विरुद्ध हुकूम दिला आणि जामीन मागितला.

टिळक गप्प बसले नाहीत, मुंबई हायकोर्टात गेले. न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती शहा यांच्यापुढे प्रकरण आलं. ९ नोव्हेंबर १९१६ रोजी निकाल लागला. काही वाक्यं आक्षेपार्ह आहेत, हे न्यायमूर्तींनी नाकारलं नाही. पण भाषणाचा सगळा मिळून ऐकणाऱ्यावर काय परिणाम होईल ते पाहायला हवं, आणि तसं पाहिलं तर ही भाषणं अप्रीती पसरवण्यासाठी नव्हेत, कारभारात बदल मागण्यासाठी आहेत, असा त्यांच्या निर्णयाचा आशय होता. मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला.

याचा अर्थ फार मोठा होता. स्वराज्य मागणं हा आपोआप राजद्रोह होत नाही, हे सरकारच्याच कोर्टाकडून सिद्ध झालं. ज्या न्यायव्यवस्थेच्या एका पायरीवर तोंड बांधलं गेलं, तिच्याच वरच्या पायरीवर ते सुटलं. इंग्रजी न्याय नेहमीच असा वागला, असं कुणी समजू नये. १८९७ आणि १९०८ आपण पाहिलंच आहे. पण तोंडबंदीच्या हुकुमाविरुद्ध दाद मागायला वरची पायरी असली आणि तिथे कारणं विचारली गेली तर किती फरक पडतो, ते या निकालाने दाखवलं.

कोर्टाशिवायची बंदी

१९१६ ला सरकार कोर्टात हरलं. मग त्याने कोर्टाची वाटच टाळली. महायुद्ध चालू होतं आणि युद्धकाळाचे खास कायदे हाताशी होते. फेब्रुवारी १९१७ मध्ये पंजाब आणि दिल्ली इथे टिळकांना प्रवेशबंदी झाली. जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्ध परिषदेत टिळक बोलायला उभे राहिले, स्वराज्याचा विषय निघताच गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना मध्येच थांबवलं. टिळक सभा सोडून बाहेर पडले. पुढे ऑगस्टमध्ये हुकूम निघाला की मॅजिस्ट्रेटच्या पूर्वपरवानगीशिवाय टिळकांनी जाहीर भाषण करायचं नाही. इथे ना सुनावणी, ना जीना, ना बॅचलर.

आपल्या मराठवाड्याला हे नवं नाही. आपला सोयगाव परिसर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे 'गश्ती निशाण ५३' नावाचं फर्मान होतं. सरकारची परवानगी घेतल्याशिवाय सभा भरवता येत नसे. १७ सप्टेंबरला आपण शाळेत मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा करतो, तेव्हा ही गोष्टही सांगितली पाहिजे. मुक्ती कशापासून? इतर अनेक गोष्टींबरोबर, बोलण्यासाठी परवानगीचा अर्ज करण्यापासूनही.

आता टिळक फिर्यादी

सप्टेंबर १९१८ मध्ये टिळक विलायतेला निघाले. कारण पुन्हा शब्दच होते, पण या वेळी दुसऱ्याचे. व्हॅलेंटाईन चिरोल या इंग्रज पत्रकाराने १९१० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात हिंदुस्थानातल्या असंतोषाचं खापर टिळकांवर फोडलं होतं आणि खुनांशी त्यांचा संबंध जोडला होता. टिळकांनी लंडनच्या कोर्टात बदनामीचा दावा लावला. १९१९ च्या फेब्रुवारीत ज्यूरीने चिरोलच्या बाजूने निर्णय दिला. खर्च प्रचंड झाला, तो भरून काढायला महाराष्ट्रात वर्गणी जमवावी लागली.

म्हणजे पाहा. १८८२ साली बदनामीच्या खटल्यात आरोपी असलेले टिळक १९१९ साली त्याच प्रकारच्या खटल्यात फिर्यादी होते. आपल्या बोलण्यावर बंधन नको आणि आपल्याबद्दल कुणी खोटं लिहिलं तर न्याय हवा, या दोन्ही इच्छा एकाच माणसाच्या मनात असतात. त्यात ढोंग नाही. तुमच्या-माझ्या मनातही त्या आहेतच.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईत सरदारगृहात टिळकांचं निधन झालं.

आज कायदा कुठे आहे?

राज्यघटनेच्या कलम १९ (१) (अ) ने आपल्याला भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं. कलम १९ (२) ने त्यावर वाजवी बंधनं घालण्याची मुभा कायद्याला दिली. देशाची सुरक्षितता, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, न्यायालयाचा अवमान अशी कारणं तिथे मोजून दिली आहेत. ज्या कलम १०८ ने टिळकांना गाठलं त्याचा वारसा आजही आहे. तेच कलम १९७३ च्या संहितेत राहिलं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते १२७ क्रमांकाने आलं आहे.

कोर्टाच्या तोंडबंदीचा मोठा निकालही महाराष्ट्रातूनच गेला. १९६४ साली मुंबई हायकोर्टात 'ब्लिट्झ' साप्ताहिकाविरुद्ध बदनामीचा दावा चालू होता. साक्षीच्या बातम्यांमुळे आपल्या धंद्याचं नुकसान होतं, असं एका साक्षीदाराने सांगितलं. न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांनी त्याची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. पत्रकार नरेश मिरजकर आणि इतर काही जण सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ साली नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितलं की खटला नीट चालावा म्हणून कोर्टाने दिलेल्या अशा आदेशाने मूलभूत हक्काचा भंग होत नाही. वेगळं मत देणारे एकटे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. विशेष म्हणजे हा आदेश देणारे सासवडचे तारकुंडे पुढे देशातल्या नागरी हक्क चळवळीचे मोठे नेते झाले. म्हणजे असा आदेश देणारा माणूस स्वातंत्र्याचा वैरीच असतो, असं नाही.

पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी खुलासा केला. खटल्याच्या न्यायाला खरोखर मोठा धोका असेल, दुसरा उपाय नसेल, तरच बातमी देणं काही काळ पुढे ढकलायला सांगता येईल, कायमचं नाही. मार्च २०२४ मध्ये एका वृत्तसंस्थेचा लेख काढून टाकण्याचा खालच्या कोर्टाचा आदेश सुप्रीम कोर्टाने रद्द केला. खटला चालण्याआधीच लेखन रोखणं ही अपवादात्मक गोष्ट आहे, कारणं नीट न तपासता ती करू नये, असं त्यात बजावलं.

मग सगळीच तोंडबंदी वाईट का? नाही. आपण शिक्षक पोक्सो कायद्याचं प्रशिक्षण घेतो. पीडित मुलाचं नाव, फोटो, शाळा, पत्ता छापायला त्यात मनाई आहे. ही तोंडबंदीच आहे आणि ती योग्यच आहे. इथे गप्प राहिल्याने एक लेकरू वाचतं. टिळकांच्या तोंडबंदीने कोण वाचत होतं? फक्त सत्ता.

म्हणून माझ्या मते असा आदेश दिसला की चार प्रश्न विचारावेत. यातून कुणाचं रक्षण होतंय, दुबळ्याचं की बलवानाचं? किती दिवसांसाठी आहे? ज्याचं तोंड बंद केलं त्याचं म्हणणं आधी ऐकलं का? आणि वर दाद मागता येते का? चारही उत्तरं बरी असतील तर हक्क आणि आदेश यांच्यात भांडण उरत नाही. एकही उत्तर धड मिळत नसेल तर तो आदेश टिळकांच्या जामिनाचा नातेवाईक समजावा.

वर्गात कसं घ्यावं

पाचवीच्या पुढच्या मुलांना हे सहज समजतं. कलमांचे आकडे सांगायची गरज नाही. एक छोटा उपक्रम सुचवते. वर्गाचे दोन गट करा. एका गटाला सांगा, मोकळेपणाने बोला, कुणाबद्दल खोटं बोललात तर नंतर त्याचा जाब द्यावा लागेल. दुसऱ्या गटाला सांगा, बोला, पण एक शब्द चुकला तर तुमच्या दोन मित्रांचा खेळाचा तास जाईल. विषय दोघांना एकच द्या, उदाहरणार्थ शाळेतल्या पाण्याच्या टाकीची स्वच्छता. मग कोणत्या गटाकडून टाकीबद्दल जास्त खरी माहिती मिळते ते पाहा. खेळ संपल्यावर सगळ्यांना खेळाचा तास द्यायला मात्र विसरू नका.

त्यानंतर मुलांना १९१६ च्या जामिनाची गोष्ट सांगा आणि एकच प्रश्न विचारा. दुसऱ्या गटातल्या मुलांनी काय काय सांगायचं ठेवलं? त्याची यादी फळ्यावर करा. टाकीचं झाकण तुटलेलं असेल आणि भीतीने कुणी ते सांगितलंच नसेल, तर ते पाणी सगळ्यांनाच प्यावं लागतं, हे मुलांना आपोआप उमगेल. पालकांनीही घरी हा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा. आपली मुलं आपल्यासमोर काय बोलायची टाळतात?